वर्षावनातल्या नगरपालिकेतील त्वचेचा लीशमॅनियासिस: नोंदींपासून दरापर्यंतचा अभ्यास पायरीपायरीने कसा करावा

सार्वजनिक आरोग्य किंवा कम्युनिटी मेडिसिन शिकणारे आपले अनेक विद्यार्थी प्रबंधासाठी ब्राझीलची खुली आरोग्य-आकडेवारी वापरू लागले आहेत. ही आकडेवारी विनामूल्य आहे, वर्षानुवर्षांची आहे आणि नगरपालिकेच्या पातळीपर्यंत उतरते, त्यामुळे हा कल समजण्यासारखा आहे. मात्र त्यातून तयार होणारे त्वचेच्या लीशमॅनियासिसवरचे, म्हणजे वाळूमाशीच्या चाव्यातून त्वचेवर व्रण होणाऱ्या आजारावरचे, मसुदे वाचले की त्याच त्या चुका दिसतात. चूक सहसा संख्याशास्त्रात नसते. रुग्णाची नोंद जिथे झाली तिथेच त्याला माशी चावली, ज्या महिन्यात निदान झाले त्याच महिन्यात संसर्ग झाला आणि जनगणनेत जे मोजले गेले त्यांनाच धोका होता, अशी तीन गृहीतके नकळत धरली जातात. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात ही तिन्ही बहुधा खोटी असतात. पुढचे टप्पे त्या गृहीतकांपासून वाचण्यासाठी आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये, कारण तिसऱ्या टप्प्यातला निर्णय सहाव्या टप्प्यात बदलला तर मधले सगळे काम पुन्हा करावे लागते.

उदाहरणासाठी ब्राझीलच्या अ‍ॅमेझोनास राज्यातील रिओ प्रेतो दा एव्हा ही नगरपालिका घेतली आहे. मनौस शहरापासून इताकोआतियाराकडे जाणाऱ्या एएम-०१० या रस्त्यावर ती लागते. नगरपालिका म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर शहर उभे राहते, तसे येथे नाही. गाव, शेती, वसाहती आणि घनदाट जंगल मिळून हिचे क्षेत्र साडेपाच हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही मोठे आहे.

## पूर्वतयारी: फाइल उघडण्यापूर्वी माहीत असाव्यात अशा गोष्टी

हा आजार लीशमॅनिया या परजीवीमुळे होतो आणि सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशीच्या मादीच्या चाव्यातून पसरतो. मनौसच्या परिसरात बहुतांश संसर्ग लीशमॅनिया गुयानेन्सिस या प्रजातीचा असतो आणि तिचा मुख्य वाहक लुत्झोमिया अम्ब्राटिलिस हा आहे. हा वाहक पुराच्या पाण्याखाली न जाणाऱ्या उंच जमिनीवरील जंगलात राहतो आणि दिवसा मोठ्या झाडांच्या बुंध्यांवर विसावतो, त्यामुळे झाड तोडणाऱ्या किंवा बुंध्याशी टेकून बसणाऱ्या माणसाला भरदिवसा चावतो. परजीवीचे नैसर्गिक आश्रयदाते दोन बोटांचा स्लॉथ आणि मुंगीखाऊ यांसारखे जंगली प्राणी आहेत. माणूस या चक्रात मध्येच शिरतो. ब्राझीलमध्ये इतरत्र, विशेषतः अटलांटिक किनाऱ्याच्या वनपट्ट्यात, लीशमॅनिया ब्राझिलिएन्सिस प्रमुख आहे, तिचे वाहक वेगळे आहेत आणि तेथे घराच्या आसपासही संसर्ग होतो. म्हणून बाहिया राज्यावरच्या अभ्यासातले निष्कर्ष उचलून अ‍ॅमेझोनासच्या प्रबंधात ठेवू नयेत.

चावा बसल्यापासून व्रण दिसेपर्यंतचा काळ सरासरी दोन ते तीन महिन्यांचा असतो, पण तो दोन आठवड्यांइतका कमी किंवा दोन वर्षांइतका जास्तही असू शकतो. हे वाक्य टेबलावर चिकटवून ठेवावे. सातव्या टप्प्यात त्याची गरज पडेल.

लागणारे साहित्य असे: ब्राझीलच्या राष्ट्रीय अधिसूचना प्रणालीच्या, म्हणजे सिनानच्या, फाइल किंवा आरोग्य मंत्रालयाच्या डाटासुस या माहिती विभागाच्या टॅबनेट संकेतस्थळावरील तक्ते, आयबीजीई या सांख्यिकी संस्थेची २०१० आणि २०२२ च्या जनगणनेची लोकसंख्या, सिनानच्या सूचनापत्राचा नमुना आणि कोडपुस्तिका, आणि पोर्तुगीज वाचू शकणारा माणूस किंवा चांगला शब्दकोश. कोडपुस्तिका न वाचता केवळ स्तंभांच्या नावांवरून अंदाज बांधणे हे निम्म्या चुकांचे मूळ आहे.

खबरदारी. माहिती खुली आणि नावे काढलेली असली तरी आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज करावाच. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा अभ्यासाला पूर्ण परीक्षणातून सूट मिळू शकते, पण सूट द्यायची की नाही हे समिती ठरवते, विद्यार्थी किंवा त्याचा गाईड नव्हे.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात बांधा

‘रिओ प्रेतो दा एव्हामधील लीशमॅनियासिसचा अभ्यास’ हा विषय आहे, प्रश्न नाही. प्रश्नात चार गोष्टी असाव्यात: कोणता रुग्ण, कोणत्या अर्थाने त्या नगरपालिकेचा, कोणत्या वर्षांत आणि काय मोजायचे. उदाहरणार्थ, ‘२०१२ ते २०२१ या दहा वर्षांत या नगरपालिकेच्या रहिवाशांमध्ये त्वचेच्या लीशमॅनियासिसच्या नव्या रुग्णांचा वार्षिक शोधदर किती होता आणि तो वय, लिंग व ग्रामीण-शहरी निवासानुसार कसा बदलत होता’ असे वाक्य पुरेसे आहे. ते लांब झाले तरी चालेल. पुढची प्रत्येक शंका याच वाक्याकडे पाहून सोडवायची आहे.

‘शोधदर’ असे लिहिण्याचे कारण ब्राझीलच्या आरोग्य मंत्रालयाच्या पद्धतीत आहे. प्रणालीला जे रुग्ण सापडले तेवढेच मोजले जातात. किती जणांचे व्रण जंगलात राहून आपोआप भरले किंवा झाडपाल्यावर निभावले, ते या आकड्यात येत नाही.

## टप्पा २: केस कोणाला म्हणायचे ते लिहून ठेवा

सिनानमध्ये नोंद झालेला प्रत्येक जण आपल्या अभ्यासातला रुग्ण नसतो. पुढील नोंदी आधी वेगळ्या कराव्यात.

नोंदीच्या प्रकारात ‘नवा रुग्ण’, ‘पुनरावर्तन’, ‘बदली’ आणि ‘अज्ञात’ असे पर्याय असतात. शोधदरासाठी फक्त नवे रुग्ण घ्यावेत. पुनरावर्तन म्हणजे बरा झालेला व्रण पुन्हा उघडणे, आणि तोच माणूस दुसऱ्यांदा मोजला गेला तर दर फुगतो. बदलीने आलेला रुग्ण दुसरीकडे आधीच मोजला गेलेला असतो.

अंतिम स्थितीत ‘निदान बदलले’ असा पर्याय असतो. या नोंदी वगळणे बंधनकारक आहे. अ‍ॅमेझॉनमध्ये न भरणारा व्रण स्पोरोट्रायकोसिस, पॅराकॉक्सिडिओइडोमायकोसिस, क्रोमोब्लास्टोमायकोसिस, त्वचेचा क्षयरोग, कुष्ठरोग किंवा निव्वळ शिरांच्या विकाराचाही असू शकतो, आणि डॉक्टरने निदान बदलल्यावरही मूळ नोंद फाइलमध्ये तशीच राहते.

पुष्टीचा निकष प्रयोगशाळेचा आहे की वैद्यकीय-साथशास्त्रीय, हे वेगळे नोंदवावे. दुसरा निकष म्हणजे व्रण तसा दिसतो आणि माणूस बाधित भागात गेला होता, एवढ्यावर दिलेले निदान. हे रुग्ण वगळू नयेत, मात्र त्यांचे प्रमाण दरवर्षी किती होते याचा तक्ता जोडावा. एखाद्या वर्षी प्रयोगशाळेने पुष्टी झालेले रुग्ण अचानक घटले तर आजार कमी झाला, असे समजू नये. बहुधा सूक्ष्मदर्शक तपासणारा माणूस रजेवर गेलेला असतो किंवा नमुना रंगवायच्या जिम्सा या रंगाचा साठा संपलेला असतो.

श्लेष्मल त्वचेचे, म्हणजे नाक-घशाचे, रुग्ण स्वतंत्र ठेवावेत. हा प्रकार त्वचेच्या व्रणानंतर अनेक वर्षांनी उद्भवू शकतो, त्यामुळे त्याच्या निदानाचे वर्ष संसर्गाच्या वर्षाबद्दल काहीच सांगत नाही. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्वचेच्या प्रकाराचा कोड बी५५.१ आणि श्लेष्मल प्रकाराचा बी५५.२ आहे. बी५५.० हा काळा आजार असून तो येथे मिसळला जाऊ नये.

तपासणी. वगळलेल्या नोंदींची संख्या कारणानुसार लिहा. ‘एकूण नोंदी’ वजा ‘वगळलेल्या’ बरोबर ‘अभ्यासातील’ हे गणित जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: तीन नगरपालिकांपैकी कोणती, हे ठरवा

एका रुग्णाच्या नोंदीत तीन नगरपालिकांचे कोड असतात: नोंद जिथे झाली ती, रुग्ण जिथे राहतो ती आणि संसर्ग बहुधा जिथे झाला ती. त्यांची गल्लत ही या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे.

एक नोंद उदाहरणादाखल रचून पाहू. वयाच्या रकान्यात ४०३४, नोंदीच्या नगरपालिकेत १३०२६०, निवासात १३०२६० आणि संसर्गस्थानात १३०३५६ असे आकडे आहेत. १३०२६० म्हणजे मनौस आणि १३०३५६ म्हणजे रिओ प्रेतो दा एव्हा. हा चौतीस वर्षांचा माणूस मनौसमध्ये राहतो, आठवड्याच्या शेवटी जंगलाला लागून असलेल्या आपल्या छोट्या मळ्यात जातो, तिथे त्याला माशी चावते आणि व्रण दिसल्यावर तो मनौसच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत, म्हणजे संपूर्ण राज्यातून रुग्ण जिथे येतात अशा संदर्भ केंद्रात, दाखवायला जातो. नोंदीच्या ठिकाणानुसार मोजले तर तो मनौसचा, निवासानुसारही मनौसचा, आणि संसर्गानुसार मात्र रिओ प्रेतो दा एव्हाचा. याच्या उलट मनौसच्या दवाखान्यात दाखवणारा रिओ प्रेतोचा शेतकरी नोंदीच्या तक्त्यात आपल्या नगरपालिकेतून नाहीसाच होतो.

आता समजा, एका वर्षी नगरपालिकेत नोंद झालेले रुग्ण ३२, तिथले रहिवासी असलेले ४८ आणि तिथे संसर्ग झालेले ६१ आहेत, आणि लोकसंख्या २५ हजार आहे. दर लाखामागे अनुक्रमे १२८, १९२ आणि २४४ असे तीन ‘दर’ निघतात. त्यातला खरा दर एकच आहे: दुसरा. कारण तिथे अंशातले लोक आणि छेदातले लोक एकाच गटातले आहेत. तिसऱ्या आकड्यात मनौसहून येणारे मळेवाले, रस्त्याच्या कामावरचे मजूर आणि जंगलयुद्धाच्या प्रशिक्षणासाठी आलेले सैनिक आहेत, जे छेदात मोजलेलेच नाहीत. संसर्गस्थानाचा आकडा निरुपयोगी आहे असे नाही. फवारणी, माशांचे सर्वेक्षण आणि कामगारांना संरक्षण कुठे द्यायचे हे ठरवायला तोच आकडा लागतो. फक्त तो संख्या म्हणून द्यावा, दर म्हणून नव्हे.

नोंदीच्या नगरपालिकेनुसारचा आकडा आरोग्यसेवेवरचा भार सांगतो, आजाराचा प्रसार नव्हे. टॅबनेटवर तक्ता काढताना नोंदीची नगरपालिका आणि निवासाची नगरपालिका हे पर्याय एकमेकांजवळ असतात, आणि घाईत चुकीचा निवडला जातो.

खबरदारी. संसर्गस्थानाचा रकाना रिकामा असलेल्या नोंदींना निवासाची नगरपालिका परस्पर लावू नये. असे रुग्ण ‘अज्ञात’ म्हणून वेगळ्या ओळीत दाखवावेत.

## टप्पा ४: फाइल उतरवणे आणि साफ करणे

सिनानच्या मूळ फाइल डीबीसी या दाबलेल्या स्वरूपात असतात. त्या डाटासुसच्या टॅबविन या प्रोग्राममध्ये किंवा आर या भाषेतील ‘रीड.डीबीसी’ या पॅकेजने उघडतात. फाइल उतरवल्याची तारीख लिहून ठेवा, कारण अलीकडच्या वर्षांच्या फाइल नंतरही सुधारल्या जातात आणि सहा महिन्यांनी तुमच्याच परीक्षकाला वेगळा आकडा मिळू शकतो.

उघडल्यावर पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात.

१. नगरपालिकेचे कोड. आयबीजीईचा कोड सात अंकी असतो, सिनानमध्ये शेवटचा तपासणी-अंक सोडून सहाच अंक असतात. आयबीजीईत १३०३५६९ असलेली नगरपालिका सिनानमध्ये १३०३५६ आहे. दोन्ही फाइल न पाहता जोडल्या तर एकही ओळ जुळत नाही. कोड अंक म्हणून नव्हे, मजकूर म्हणून साठवावेत. शेजारची प्रेसिदेंते फिगेरेदो ही नगरपालिका १३०३५३ आहे, एका अंकाचा फरक, आणि तिथेही हा आजार भरपूर आहे. त्यामुळे चुकीची ओळ उचलली गेली तरी आकडा ‘पटण्यासारखा’ दिसतो.

२. वय. पहिला अंक एकक सांगतो: १ तास, २ दिवस, ३ महिने, ४ वर्षे. ४०३४ म्हणजे चौतीस वर्षे आणि ३००६ म्हणजे सहा महिने. सरळ शेवटचे तीन अंक घेतले तर सहा महिन्यांचे बाळ सहा वर्षांचे होते आणि लहान मुलांचे प्रमाण बिघडते. आठव्या टप्प्यात हे प्रमाण फार महत्त्वाचे आहे.

३. टॅबनेटच्या तक्त्यांतली चिन्हे. ब्राझीलमध्ये हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. १.२३४ म्हणजे एक हजार दोनशे चौतीस. आपल्याकडच्या एक्सेलमध्ये तोच आकडा सव्वाच्या आसपास होऊन बसतो. आडवी रेघ म्हणजे शून्य, माहिती नाही असे नव्हे. स्तंभ अर्धविरामाने वेगळे केलेले असतात आणि पोर्तुगीज अक्षरे बिघडून दिसत असतील तर फाइलचे एन्कोडिंग लॅटिन-१ म्हणून उघडावे.

४. ‘९’ म्हणजे अज्ञात. वंश, शिक्षण, सहसंसर्ग अशा रकान्यांत ९ हा मापाचा आकडा नाही. शिक्षणात लहान मुलांसाठी ‘लागू नाही’ असा वेगळा कोड आहे. तो अज्ञातात ढकलू नये, नाहीतर नोंदी आहेत त्यापेक्षा अपूर्ण वाटतात.

५. दुबार नोंदी. खुल्या फाइलमध्ये नावे नसल्यामुळे तोच माणूस दोनदा आला आहे हे खात्रीने सांगता येत नाही. वय, लिंग, निवास आणि निदानाची तारीख जवळपास सारखी असलेल्या, पण दोन वेगळ्या केंद्रांत झालेल्या नोंदींवर खूण करावी आणि त्या काढून व ठेवून असे दोन्ही आकडे काढावेत.

तपासणी. प्रत्येक रकान्यातील भरलेल्या नोंदींची टक्केवारी काढा. सिनानच्या रूढ निकषानुसार ९० टक्के किंवा अधिक म्हणजे उत्तम, ७० ते ८९ म्हणजे साधारण आणि त्याखाली वाईट. वाईट गटातल्या रकान्यावर निष्कर्ष उभा करू नये. शिक्षण आणि व्यवसाय या दोन रकान्यांवर मी तरी सहजी विश्वास ठेवत नाही.

## टप्पा ५: छेद, म्हणजे लोकसंख्या

ब्राझीलची जनगणना २०१० नंतर २०२० मध्ये व्हायची होती, ती महामारीमुळे २०२२ मध्ये झाली. मधल्या काळात आयबीजीई दरवर्षी अंदाज प्रसिद्ध करीत होती. २०२१ चा राष्ट्रीय अंदाज सुमारे २१ कोटी ३३ लाख होता, तर २०२२ च्या जनगणनेत प्रत्यक्ष मोजणी सुमारे २० कोटी ३१ लाख निघाली. अनेक नगरपालिकांत हा फरक टक्केवारीने आणखी मोठा आहे. विद्यार्थी २०२१ पर्यंत जुना अंदाज आणि २०२२ साठी जनगणना असे वापरतात, आणि शेवटच्या वर्षी दर उसळला असे लिहितात. उसळलेले काही नसते. छेद बदललेला असतो.

उपाय सोपा आहे. दोन्ही जनगणनांची संदर्भ-तारीख १ ऑगस्ट धरली जाते. २०२२ ची लोकसंख्या भागिले २०१० ची, या गुणोत्तराचे बारावे मूळ काढले की वार्षिक वाढीचा गुणक मिळतो, आणि २०१० च्या आकड्याला तो गुणक जितकी वर्षे उलटली तितक्या वेळा लावला की मधल्या प्रत्येक वर्षाची लोकसंख्या एकाच मापात येते. लोकसंख्या घटली असेल तर गुणक एकपेक्षा कमी येतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. वय-लिंग गटांसाठीही प्रत्येक गटाचे असेच गणित स्वतंत्र करावे.

## टप्पा ६: दर आणि त्याची अनिश्चितता

दर लाख लोकसंख्येमागे दर काढल्यावर ब्राझीलचे आरोग्य मंत्रालय नगरपालिकांना चार गटांत ठेवते: २.५ पेक्षा कमी म्हणजे अल्प, २.५ ते १० पेक्षा कमी म्हणजे मध्यम, १० ते ७१ पेक्षा कमी म्हणजे उच्च, आणि ७१ किंवा अधिक म्हणजे अतिउच्च. मघाच्या उदाहरणातले तिन्ही आकडे अतिउच्च गटातच पडतात. त्यामुळे नुसते ‘अतिउच्च’ लिहून थांबणाऱ्याला आपली चूक कधीच कळत नाही.

लहान संख्यांना कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा दर ज्या दोन मर्यादांमध्ये असण्याची शक्यता आहे तो पल्ला, जोडल्याशिवाय एकही दर छापू नये. ४०० वस्तीच्या एखाद्या वसाहतीत वर्षाला ५ रुग्ण सापडले तर दर लाखामागे १,२५० होतो आणि बातमीचा मथळा तयार होतो. पण पाच या संख्येची पॉयसन पद्धतीची ९५ टक्के मर्यादा १.६ ते ११.७ आहे, म्हणजे दर साधारण ४०६ ते २,९१७ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. शेजारच्या वसाहतीत त्याच वर्षी दोनच रुग्ण निघाले म्हणून ती ‘सुरक्षित’ ठरत नाही. २५ हजार वस्तीत ६० रुग्ण असतील तर मर्यादा सुमारे १८३ ते ३०९ इतकी आवळते. म्हणून छोट्या वस्त्यांसाठी तीन किंवा पाच वर्षे एकत्र करावीत.

## टप्पा ७: काळाचे वाचन

सूचनापत्रात लक्षणांची, निदानाची आणि नोंदीची तारीख सापडेल, संसर्गाची तारीख कुठेच सापडणार नाही. मनौसच्या भागात पाऊस साधारण डिसेंबर ते मे या महिन्यांत अधिक असतो. रुग्णांची संख्या मार्चमध्ये जास्त दिसली आणि तुम्ही ‘मार्चच्या पावसाचा परिणाम’ असे लिहिले, तर दोन-तीन महिन्यांचा सुप्तकाळ विसरलात. त्यात व्रण झाल्यापासून दवाखान्यात पोहोचेपर्यंतचा विलंब मिळवा. आतल्या कच्च्या रस्त्यावर राहणाऱ्याला पावसाळ्यात बाहेर पडणेच कठीण, त्यामुळे रस्ते सुकल्यावर नोंदी एकदम वाढू शकतात. पाऊस आणि रुग्ण यांचा संबंध तपासायचा असेल तर शून्य ते सहा महिन्यांपर्यंतचे वेगवेगळे अंतर लावून पाहावे आणि सर्व निकाल द्यावेत. जुळणारे एकच अंतर निवडून बाकीचे लपवू नयेत.

वार्षिक चढ-उतार वाचताना त्या वर्षी आरोग्य पथकाची खास मोहीम झाली होती का, नवे निदान केंद्र सुरू झाले का, हे आधी पाहावे. २०२० मधली घट तर जवळजवळ प्रत्येक आजाराच्या नोंदींत दिसते. तिचे श्रेय माशांना देऊ नये.

बरे होण्याचे प्रमाण काढताना शेवटचे वर्ष सोडावे. त्वचेच्या प्रकारात उपचार संपल्यावर तीन महिने पाठपुरावा करून मगच व्रण भरला असे ठरवतात, त्यामुळे शेवटच्या महिन्यांतले रुग्ण ‘अज्ञात’ दिसतात.

## टप्पा ८: व्यक्ती, आणि तक्त्यापलीकडचा अर्थ

अ‍ॅमेझॉनमध्ये रुग्णांत पुरुष जास्त, तेही कामाच्या वयाचे, हे जवळपास ठरलेले आहे. एवढेच सांगणारा प्रबंध नवे काही सांगत नाही. खरी माहिती स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुले यांच्या वाट्यात दडलेली असते. हा वाटा कमी असेल तर संसर्ग जंगलातल्या कामाशी बांधलेला आहे. तो वर्षागणिक वाढत असेल तर माशी घराच्या अंगणापर्यंत आली असण्याची किंवा नवी वसाहत जंगलाच्या अगदी कडेला बसवली गेल्याची शक्यता तपासावी. म्हणून हा वाटा दर तीन वर्षांच्या गटात काढून त्यालाही मर्यादा जोडाव्यात.

वंशाच्या रकान्यात ‘पार्दो’, म्हणजे मिश्रवर्णीय, सर्वांत जास्त दिसतील, कारण अ‍ॅमेझोनासची बहुसंख्य लोकसंख्याच तशी आहे. छेद न लावता ‘पार्दो लोकांना धोका अधिक’ असे लिहिणे सरळ चुकीचे आहे. मूलनिवासींच्या संख्येबाबत तर आणखी जपावे, कारण त्यांची आरोग्यसेवा स्वतंत्र विशेष जिल्ह्यांमार्फत चालते.

## टप्पा ९: नगरपालिकेच्या आतील स्थान

खुल्या फाइलमध्ये वस्तीची पातळी भरवशाने मिळत नाही. ती स्थानिक आरोग्य सचिवालयाकडून परवानगीने घ्यावी लागते. मिळाल्यावर पहिली चूक होते ती नकाशावर रुग्णाचे घर बिंदूने दाखवण्याची. त्यातून रुग्णाची ओळख उघड होते, आणि संसर्ग घरात झालाच नसेल तर नकाशाही खोटा ठरतो. वस्ती किंवा आडरस्त्याच्या पातळीवर एकत्र केलेली संख्या दाखवावी.

शेजारच्या नगरपालिकांसह नकाशा काढत असाल तर स्थानिक एम्पिरिकल बेझ पद्धतीने, म्हणजे लहान वस्तीचा दर शेजारच्या सरासरीकडे ओढून, दर गुळगुळीत करावेत आणि कच्चे दरही शेजारी द्यावेत. शेजारशेजारच्या भागांतले दर एकमेकांसारखे आहेत का हे मोजणारा मोरान निर्देशांक काढण्याचा मोह फार होतो. मात्र एकाच नगरपालिकेचा एकच बहुभुज हातात असताना त्याला अर्थ नाही.

## टप्पा १०: जंगलतोड आणि माशांची माहिती जोडताना

जंगलतोडीचे आकडे ब्राझीलच्या अंतराळ संशोधन संस्थेच्या, आयएनपीईच्या, प्रोदेस प्रकल्पातून १९८८ पासून मिळतात. प्रोदेसचे वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढच्या जुलैमध्ये संपते, तर सिनानचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर. प्रोदेस २०१९ म्हणजे ऑगस्ट २०१८ ते जुलै २०१९. दोन्ही ‘२०१९’ म्हणून जोडले की पाच महिन्यांची सरमिसळ होते, आणि सुप्तकाळ धरला तर जोडणी पुरतीच फसते. रुग्णांचेच वर्ष ऑगस्ट ते जुलै असे पुन्हा बांधणे हा साधा मार्ग आहे.

जंगलतोड वाढली म्हणजे रुग्ण वाढणारच, असेही धरून चालू नये. तोड सुरू असताना बुंध्यांजवळचा माणूस वाढतो म्हणून रुग्ण वाढतात. सगळे जंगल जाऊन कुरण झाले की अम्ब्राटिलिसला राहायलाच जागा उरत नाही. एकूण तोडलेले क्षेत्र आणि त्या वर्षी नव्याने तोडलेले क्षेत्र हे दोन वेगळे चल म्हणून घ्यावेत.

माशांचे सर्वेक्षण स्वतः केले असेल किंवा दुसऱ्याचे वापरत असाल तर पकडण्याची पद्धत पाहावी. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत लावलेले प्रकाश-सापळे रात्री उडणाऱ्या प्रजाती चांगल्या पकडतात. बुंध्यावरची अम्ब्राटिलिस दिवसा शोषनळीने गोळा करावी लागते. फक्त प्रकाश-सापळ्यांवरून ‘मुख्य वाहक विरळ आहे’ असा निष्कर्ष काढलेला दिसला तर तो वापरू नये.

## टप्पा ११: लेखन

पद्धतीच्या विभागात किमान एवढे लिहावे: फाइल कोणत्या तारखेची, तीनपैकी कोणती नगरपालिका वापरली, कोणत्या नोंदी का वगळल्या, छेद कसा बांधला आणि अज्ञातांचे काय केले. हे पाच मुद्दे नसलेला प्रबंध परीक्षकाने परत पाठवला तर वाईट वाटून घेऊ नये.

चर्चेच्या विभागात भारताशी तुलना घालण्याची फार घाई होते. आपल्याकडे बिकानेरचा त्वचा-लीशमॅनियासिस लीशमॅनिया ट्रॉपिका या प्रजातीचा आहे. तिथला प्रसार वस्तीतला, कोरड्या हवेतला आहे. त्याची अ‍ॅमेझॉनच्या जंगलचक्राशी तुलना करण्यात हशील नाही. तुलना करायचीच असेल तर केरळमध्ये पश्चिम घाटाच्या अगस्त्यमला जंगलात राहणाऱ्या काणी समाजातले रुग्ण जवळचे, तरी तिथली प्रजाती लीशमॅनिया डोनोवानी आहे, हे त्याच वाक्यात लिहावे.

सारांशात दर देताना वर्ष, निवासाचा निकष आणि मर्यादा एकत्र द्याव्यात: ‘निवासानुसार, नवे रुग्ण, दर लाखामागे इतके, ९५ टक्के मर्यादा इतकी ते इतकी’. सचिवालयाला अहवाल पाठवताना मात्र क्रम उलटा ठेवावा. आधी संसर्गस्थानानुसार आडरस्त्यांची यादी, मग महिने, शेवटी दर. कारण अहवाल वाचणाऱ्या माणसाला सोमवारी सकाळी गाडी कोणत्या रस्त्याला पाठवायची हे ठरवायचे असते.